घरी नेहमीसारखंच वागा

व्यायामावरच्या आमच्या अभ्यासात साठी ओलांडलेल्या चोवीस बायका होत्या. बारा व्यायामाच्या गटात आणि बारा नुसत्या तुलनेसाठी. तुलनेच्या गटाला एकच सूचना होती: घरी नेहमीसारखंच वागा. दर तीन महिन्यांनी मी सगळ्यांचं रक्त घ्यायचे आणि तीस सेकंदांत कोण खुर्चीतून किती वेळा उठतं ते मोजायचे.

तुलनेच्या गटातल्या एक निवृत्त टायपिस्ट काकू पहिल्यांदा नऊ वेळा उठल्या होत्या. तीन महिन्यांनी सोळा वेळा उठल्या. त्यांचं ताणाचं हार्मोनही मर्यादेच्या वर गेलं होतं.

"आम्ही इथे घाम गाळतोय आणि ही बया घरबसल्या पैलवान झाली!" व्यायामगटातल्या एक आजी म्हणाल्या.

"काकू, खरं सांगा, चोरून व्यायाम करता ना?" मी विचारलं. हो म्हणाल्या असत्या तर त्यांना अभ्यासातून काढावं लागलं असतं.

"कसला गं व्यायाम! दोन महिने झाले, हे अंथरुणाला खिळलेत. दिवसातून दहादा उचलून बसवायचं, पुसायचं, परत निजवायचं. वेळ कुठाय मला?"

मी फॉर्मवर 'व्यायाम: नाही' असं लिहिलं.

सहा महिन्यांच्या मोजणीला काकू वेळेवर आल्या. मी फॉर्ममधला प्रश्न वाचला, "घरी वजन उचलता का?"

"आता नाही गं. मागच्या मोजणीनंतर आठवड्याभरातच हे गेले."

मी स्टॉपवॉच सुरू केलं.

 

तीस सेकंदांत काकू नऊ वेळा उठल्या. ताणाचं हार्मोन मर्यादेत होतं.