लेकानं केलेला चमचा

चमचा तोंडात गेला आणि मथुराबाईनं सवयीनं डोळे गच्च मिटले. लागलं नाही. तिनं घास गिळला, डोळे उघडले आणि सुनेच्या हातातल्या चमच्याकडं बघितलं. लाकडाचा होता. आखूड दांड्याचा, जरासा वाकडा, तेलाचा हात फिरवलेला.

सोलापूरच्या दवाखान्यात गालाच्या कॅन्सरला मशीनचा शेक दिल्यापासून म्हातारीचं तोंड आतून सोललं होतं. स्टील लागलं की ती आळीभर ऐकू जाईल अशी किंचाळायची. प्लास्टिकची धार त्याहून वाईट. म्हणून रुपाली तिला दुधातल्या कण्या बोटानं चाटवायची आणि दर बोटाला एक शिवी खायची. लेकानं मात्र सांगून ठेवलं होतं, आई, तुझ्यासाठी लाकडाचा चमचा मी माझ्या हातानं करणार. हे ऐकून ऐकून शेजाऱ्यांचे कान किटले होते.

"केलास रं, इंद्रजीत," मथुराबाई म्हणाली. "केलास माज्या राजा."

इंद्रजीत परसदाराच्या उंबऱ्यात बसला होता. पुढं टॉवेल पसरून त्यावर पार्सलनं आलेली हत्यारं मांडली होती. त्यानं चमच्याकडं बघितलं. मग बायकोकडं बघितलं. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"व्हय, आई," तो म्हणाला.

रुपालीचा हात वाटीतच थांबला. काल म्हातारीचा डोळा लागला तेव्हा तिनंच परसातल्या आंब्याची फांदी तोडली होती. कोयत्यानं तासली, खुरप्याच्या वाकड्या पात्यानं खळगा केला, फुटक्या बांगडीनं आतून घासून मऊ केला. इंद्रजीत तेव्हा मोबाईलवर सुऱ्या बघत होता.

तिनं पुढचा घास भरवला.

शेजारची बाळाबाई आजाऱ्याला बघायला म्हणून आली होती आणि खाटेजवळ पाय पसरून बसली होती. मथुराबाईनं तिला सोडलं नाही. "बघ गं, बाळे. तुज्या जोतिरामनं तुला कदी काडी तरी तासून दिली का?"

"न्हाय बाई. माजा जोतिराम नुसता भाकरी कुस्करून भरवतो."

ते मथुराबाईच्या कानावरून गेलं. ती सुनेकडं वळली. "आन् तू बघून शिक. रेडकाच्या तोंडात घालावं तसं बोट घालत हुतीस. बोटाला कांद्याचा वास, शेणाचा वास. देवानं माजं तोंड तेवढं सोललं, नाक का शाबूत ठिवलं कुणाला ठावं."

बाळाबाई उंबऱ्याशी सरकली आणि टॉवेलवरची एक सुरी उचलून तिनं उलटसुलट केली. "हत्यारं लई कोरी दिसत्यात रं."

"नव्या माणसानं जास्त घ्यायचीच न्हाईत, मावशी." इंद्रजीतला बोलायला जागा मिळाली. "लहान कुऱ्हाड, सरळ सुरी आन् खळगा कोरायला ही वाकडी. तेवढ्यावर भागतं. पण पोलाद चांगलं पायजे. पयली सुरी मी परत पाठवली. मूठच बसंना हातात. आन् लाकूड ओलं घ्यायचं. वाळल्यावर पातं चालत न्हाय."

"आन् बोट?" बाळाबाईनं विचारलं. "ते कुणाचं कापायचं?"

इंद्रजीतनं तिच्या हातातली सुरी घेतली आणि म्यानात घातली. रुपाली त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. अजूनही एक शब्द पुरला असता.

"पयलाच हाय, म्हणून जरा वाकडा झालाय," तो आईला म्हणाला. "पुढचा सरळ करतो."

"ऱ्हाऊ दे. माज्या लेकाचा वाकडाबी चांगला हाय. आता उरलेलं तूच भरव, बाबा. हिच्या हातनं नगं." मग सुनेला, "ए, चमचा धुवून दे त्याला. आन् परत हात लावू नगंस."

"व्हय, आत्याबाई."

परसात चुलीवर पाणी तापत होतं. खाटेवरून चूल दिसत नव्हती, उंबऱ्यातून दिसत होती. रुपालीनं चमचा नीट धुतला, पदराला पुसला आणि चुलीत सारला.

ओलं लाकूड लगेच पेटत नाही. चमचा निखाऱ्यात चुरचुरत पडला, दांड्याच्या टोकाला फेस आला. इंद्रजीतनं उठून ओढून काढायचा म्हटलं असतं, तर निघाला असता. पण काढून सांगणार काय होता? तो बसून राहिला. बाळाबाईही बघत राहिली. मग दांड्यानं जाळ धरला.

रुपाली आत आली. तिनं वाटी नवऱ्याच्या एका हातात दिली आणि दुसऱ्या हातात स्टीलचा चमचा ठेवला.

"तो कुटं हाय?" त्यानं हळूच विचारलं.

"जळला." तीही हळूच बोलली. "तुमी केला हुता न्हवं? दुसरा करा की. हत्यारं हाईतच."

बाळाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

"काय कुजबुजताय?" मथुराबाई खाटेवरून म्हणाली. "आण की रं, भूक लागलीया."

इंद्रजीत उठून खाटेपाशी गेला. चमचा कण्यांत बुडाला, वाटीच्या कडेला टण्ण वाजला. म्हातारीनं ऐकलं नसावं. तिनं मान उशीवर टेकवली, डोळे मिटले. गच्च नाही, सैल, लेकाच्या हातचं खायचं म्हणून.

आणि तोंड उघडलं, जमेल तेवढं मोठं.