पाठीमागचा खो

महिला मंडळांच्या सामन्यात मोठ्या जाऊबाई खो-खोच्या ओळीत उकिडव्या बसून ओरडत होत्या, "अगं हेमा, मला दे की खो!" हेमलता दोनदा त्यांच्या पाठीशी आली आणि दोन्ही वेळा पुढच्या बाईला खो देऊन मोकळी झाली. बसू देत गुडघे दुखेस्तोवर.

गेल्याच महिन्यात एका लग्नात तिचे जुने सर भेटले होते. "तुझी राज्याच्या संघात निवड झाली, हे सांगायला मी तुझ्या सासरी आलो होतो गं. तुला दिवस गेलेत, असं तुझ्या जाऊबाईंनी दारातच सांगितलं. मग काय झालं, मुलगा की मुलगी?"

तेव्हा हेमलताला दिवसबिवस काही गेले नव्हते. नंतर वर्षं मात्र गेली. चांगली वीस.

आता समोरच्या संघातली शेवटची खेळाडू जाऊबाईंच्या अगदी पुढ्यात आली. ती बाद झाली की कप आपला. हेमलताने दातओठ खात हात उगारला आणि जाऊबाईंच्या पाठीत असा धपाटा घातला, की कडेला खुर्चीत पेंगणारे थोरले दीर दचकून उभे राहिले.

"खोऽऽ!"

जाऊबाई कळवळून पुढे झेपावल्या आणि ती खेळाडू बाद! टाळ्या, शिट्ट्या. पाठ चोळत त्या हेमलताजवळ आल्या. "मेले गं बाई! केवढ्यानं मारलंस?"

"नियमच आहे, जाऊबाई. खो पाठीमागूनच द्यायचा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. तुम्ही माझ्या खेळात घातलात तसा गुपचूप नाही."