भिंतीवरचं जहाज

वडील गेल्यावर दोघा भावांनी दिवाणखान्यातलं जहाजाचं जुनं छापचित्र पारखायला वडिलांच्या ओळखीच्या चित्रविक्रेत्याला बोलावलं. त्याने फ्रेम उघडली, भिंग लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "ठिपकेच ठिपके. अस्सल छापात असे नसतात. ही नक्कल आहे."

चेहरा कुणाचाच पडला नाही.

"दादा, तूच ठेव. बाबांची आठवण."

"छे रे! तू धाकटा, तुझा लाड पहिला."

संध्याकाळी थोरला काखेत गुंडाळी मारून दुकानात शिरला, तर धाकटा तशीच गुंडाळी घेऊन बाहेर पडत होता. दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही.

विक्रेत्याने थोरल्याचं जहाज भिंगाखाली धरलं. "ठिपके. आत्ता तुमच्या भावाने आणलं, त्यातही हेच."

"अहो, मी हे बाबांच्या नकळत स्वतः भिंतीवरून उचललंय! त्यानंतर त्यांनी तिथे नक्कल लावली."

"अस्सल चित्र त्यांनी त्याच्याही आधी मला विकलं होतं. आणि माझ्याकडून तीन नकला करून घेतल्या."

"तीन कशाला?"



"मीही हेच विचारलं. म्हणाले, एक भिंतीला, आणि मुलं दोन आहेत."