ठोक्यावरची झोप

"पुन्हा उठला," तांबटाची बायको दारातून म्हणाली.

तांबटाने हातोडा खाली ठेवला. दुपार नुकती कलली होती. पोराने डोळे मिटून चहाला उकळी येण्याइतकाही वेळ झाला नव्हता.

हेच कोणी त्यांना उन्हाळ्याआधी सांगितलं असतं तर घरातले सगळे हसले असते. हे पोर ठोक्यांवर वाढलेलं. बाप तांब्याच्या पत्र्यावर हातोडा मारायला लागला की ऐरणीशेजारच्या चादरीवर आडवं व्हायचं आणि गाढ झोपायचं. ठोके थांबले की जागं. बापाला जेवायला उठायचं असलं, तर आजोबा हातोडा घेऊन रिकाम्या ऐरणीवर ठोकत बसायचे. गल्लीने त्याचं नावच ठोक्या पाडलं होतं.

मग ताप आला. चांगला सडकून आला. तो उतरला, ठोक्या हसायला-खेळायला लागला, पण झोप काही परत आली नाही. चादरीवर पडायचा, तळमळायचा, उठून बापाकडे यायचा. हातोड्याचा हात धरून ओढायचा आणि रडायचा. तांबट ठोके घालायचा, तरी रडतच राहायचा. शेवटी इवल्या मुठींनी बापाच्या दंडावर मारत सुटायचा.

"बंद करा म्हणतोय तो," बायको म्हणाली. "एवढं कळत नाही तुम्हाला?"

"अगं, परवापर्यंत याच्याशिवाय झोपत नव्हता."

"परवाचं परवा. तापाने नाजूक झालंय पोर. नाही सोसत आता."

आजोबांनी कोपऱ्यातून हात उडवून विचारलं, काय झालं? तांबटाने गालाखाली तळहात धरून मान हलवली. झोपत नाही.

या घरात बोलणं असं हातांनीच चालायचं. ठोक्यांच्या कल्लोळात ओरडून घसा कोण फोडणार? मूठ ओठांशी नेली की पाणी. तळहात पालथा केला की थांब. ठोक्या हे सगळं चालायच्या आधीच शिकला होता. मध्यंतरी 'दूध', 'आबा' असे दोन-चार शब्दही फुटले होते, पण तापानंतर ते कुठे गेले कुणास ठाऊक. आता तो सगळं हातांनीच मागायचा.

"पक्का तांबट निघाला!" आजोबा कौतुकाने म्हणायचे.

शेजारची शिंपीण चौकशीला आली. "अरे, इथे मोठ्यांची डोकी उठतात, त्या लेकराचं काय घेऊन बसलात? माझं बघा. मशीन माझी, पण टाके पडतात तुमच्या ठोक्यांवर." ती हसली. बाकी कोणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाईंकडे खुर्च्या भरून माणसं होती. बाईंनी स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवली. ठोक्यानेही काढली. "हुशार आहे," त्या म्हणाल्या. घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं. "वडील काय करतात?"

"भांडी ठोकतो," तांबट म्हणाला.

"घरातच? याच्या उशाशी?"

नवराबायकोने माना खाली घातल्या.

"मग झोप लागेल कशी त्याला? शांतता द्या मुलाला."

तांबटाने ऐरणीखाली पोती घातली. लोखंडी हातोडा ठेवून लाकडी घेतला. दार लावून घामाघूम होत काम केलं. ठोक्याचे डोळे आत गेले. गालांची हाडं दिसायला लागली. रडून रडून थकला की तेवढा डोळा लागायचा, आणि दचकून पुन्हा उठायचा.

"गोदामावर राखणदार हवाय," एका सकाळी तांबट म्हणाला.

"राखणदार?" आजोबा म्हणाले. "खुर्चीत बसून काय राखणार तू?"

"दुसऱ्यांचं सामान."

"दुसरीकडे जागा बघ. ऐरण तिकडे ने."

"परवडली असती तर तापातच नेली असती, बाबा."

आजोबांनी तळहात पालथा केला. थांब. तांबटाने मान हलवली आणि डबा उचलून बाहेर पडला.

घर गप्प झालं. नळ ठिबकतो हे त्यांना पहिल्यांदा कळलं. आजोबा पत्र्याच्या तुकड्यावरून बोटं फिरवत बसायचे. ठोक्या मात्र झोपला नाही. दुपार झाली की ऐरणीपाशी जायचा, तिच्यावर मूठ आपटायचा आणि हंबरडा फोडायचा.

"भीती बसलीय त्याच्या मनात," बायको म्हणाली. "ती समोर आहे तोवर नाही जायची."

तांबटाने ऐरणीवरून हात फिरवला. तिच्या मधोमध पडलेला खळगा त्याच्या बाबांच्याही वडिलांच्या हातचा होता. मग तो म्हणाला, "सांगतो उद्या भंगारवाल्याला."

भंगारवाला टेम्पो घेऊन आला. चौघांनी मिळून ऐरण चढवली. मागोमाग हातोडे गेले, कात्र्या गेल्या, अर्धवट भांडी गेली. सगळ्यांत वर आजोबांनी तरुणपणी घडवलेला मोठा हंडा ठेवला. आजोबा भिंतीकडे तोंड करून बसले. ठोक्या उंबऱ्यावर रस्त्याकडे पाठ करून तांब्याच्या पत्र्याच्या कापट्या रचत होता.

"दोर नीट आवळ रे," तांबट म्हणाला. शेवटचं तेवढंच त्याच्या हातात होतं.

टेम्पो हलला आणि दोर सुटला. हंडा ढिगावरून थेट फरशीवर आदळला आणि उसळ्या घेत, दणदणत गल्ली उतरत गेला. छपरावरची कबुतरं एकदम उडाली. शिंपीण सुई हातात घेऊनच बाहेर धावली. कुठल्याशा घरात तान्हं बाळ किंचाळून रडायला लागलं. आजोबा भिंतीकडून वळून उभे राहिले. तांबटाने दोन्ही कान दाबून धरले.

"ठोक्या!" बायको ओरडली. पोर घाबरून अर्धमेलं झालं असेल म्हणून ती उंबऱ्याकडे धावली.

ठोक्या कापटीवर कापटी ठेवत होता. आईची सावली कापट्यांवर पडली तेव्हा कुठे त्याने मान वर केली, तिला बघून हसला आणि मूठ ओठांशी नेली.