शेवटची ओळ

बॅलरॅट या खाणींच्या गावातल्या पेपरात खाणीत दरड कोसळल्याची बातमी आली, की खोगीर शिवणारा जेबेझ आधी शेवटची ओळ वाचायचा. तिथे हमखास असायचं, 'वाचला तो एकटाच, डॉक्टर ऑर्लँडोच्या सिरपच्या कृपेने!' बातमीच्या वेषातली ही जाहिरात आहे हे न कळून असल्या एका बातमीवर तो पूर्वी ढसाढसा रडला होता. तेव्हापासून सगळ्या गावासारखा तोही शहाणा झाला होता. सिरप मात्र रोज प्यायचा.

"अहो, ठेवा तो चमचा!" न्याहारीला पेपर वाचता वाचता बायको, केझाया, ओरडली. "ऑर्लँडोचं सिरप पिऊन जीलाँगला दोघं दगावलीत. बाटलीत विष निघालं म्हणे!"

"अगं खुळे, दुसऱ्या कुठल्या तरी सिरपवाल्याची जाहिरात असणार ही. शेवटी बघ, त्याचं नाव असेल."

"नाही हो, कुणाचंच नाव नाही."

"मग उद्या छापतील," म्हणत जेबेझने बायकोच्या भोळेपणावर हसून आणखी एक चमचा घशात ओतला.


दोन दिवसांनी जेबेझ गेल्याची बातमी छापून आली, तेव्हा अख्ख्या बॅलरॅटने आधी शेवटची ओळ गाठली: आता ही कुठल्या औषधाची जाहिरात?