बाथरूमचं धोरण

अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र एकत्र शिकून सरकारी धोरणं आखायला निघालेल्या भाचीने सुट्टीत आधी घरच्याच बाथरूमला हात घातला. माणसं सहा, बाथरूम एक आणि रोज सकाळी दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभी रांग. तिने घड्याळ लावून बाकी पाचही जणांची मिनिटं मोजली, रीतसर मतदान घेतलं आणि रंगीत वेळापत्रक दाराला चिकटवलं. तिसऱ्या दिवशी वेळापत्रक जागेवर होतं आणि रांगही.

"आत्या, आपल्या घरात शिस्त म्हणून नाहीच गं कुणाला!" भाची वैतागली.

आत्याचं शिक्षण बेताचं, पण शिवणाचं दुकान वीस वर्षांचं. कपडे घालून बघायच्या खोलीतून गिऱ्हाईक लवकर का बाहेर पडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुपारी तिने शिलाई मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर आणला, बाथरूममधला आरसा काढला आणि बाहेर पॅसेजमध्ये टांगला. दुसऱ्या दिवशी आठच्या आत सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्या.

नव्या धोरणाविरुद्ध तक्रार एकच आली, तीही लेखी, चांगली सात मुद्द्यांची. खाली सही भाचीची.