कल्याणचा अंगठा

तिरडी बांधून झाली होती. कल्याणला आंघोळ घालून त्याच्या हाताचे दोन्ही अंगठे पांढऱ्या दोऱ्यानं एकमेकांना बांधले होते. दारात मडकं धुमसत होतं. तेवढ्यात राजूरच्या त्या गल्लीत कंपनीची गाडी शिरली.

साहेब जालन्याहून आला होता. हार आणायचा विसरला, पण कल्याणचा लॅपटॉप बराबर आठवला. आल्या आल्या तोच मागून घेतला.

कल्याणची आई केशरबाई पोराच्या उशाशी बसली होती. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्याचा रस्ता अर्धा व्हायच्या आत पोरगं गेलं, तरी तिनं अजून डोळ्याला पदर लावला नव्हता. रडायला गावभर बाया आहेत, म्हणणारी बाई ती.

साहेबानं कल्याणच्या काकाला, अप्पारावला, बाजूला घेतलं. बियाण्याच्या गाड्या भरून फाटकाशी उभ्या आहेत, पेरणी तोंडावर आली आहे. कंपनीचा सगळा कारभार हैदराबादच्या कॉम्प्युटरात. इथल्या गाड्या सोडायच्या तर तिथं शिरायचं ह्या लॅपटॉपातून, आणि हा उघडतो कल्याणच्या अंगठ्यानं. आपला पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, हा नियम साहेबानंच काढला होता. आज रविवार, हैदराबादचा माणूस फोन उचलत नव्हता.

अप्पारावनं मान खाली घातली. केशरबाईचे कान काही गेले नव्हते.

"मंग अंगठ्यासाठी आलात म्हणा. पोराला पोचवायला न्हाई."

साहेब उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "मावशी, तुमच्या सुनेला कल्याणच्या जागेवर नोकरीला घेऊ. माझा शब्द."

"कानात सांगितलेला शब्द मला नको. चारचौघांत बोला."

साहेबाला उठावं लागलं. अंगणाकडं तोंड करून तो तेच मोठ्यानं बोलला. माणसांनी ऐकलं. सून राजनंदिनी भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिची मान वर झाली नव्हती. ह्या घरात पगार एकट्या कल्याणचाच येत होता.

केशरबाई सुनेकडं बघत राहिली. मग तिनंच दोऱ्याची गाठ सोडली.

साहेबानं लॅपटॉप कल्याणच्या छातीवर ठेवला. अंगठा धरून टेकवला. काही झालं नाही. रुमालानं पुसून टेकवला. दाबून टेकवला.

"गार पडलाय," तो म्हणाला. "कुणीतरी चोळून बघा जरा."

कुणी हललं नाही.

"मशीनला तरी कळलं मेलाय ते," केशरबाई म्हणाली. "सरका."

तिनं अंगठा दोन्ही तळव्यांत घेतला. चोळला. तोंडापाशी नेऊन त्याला वाफ दिली, पुन्हा चोळला. अंगणातल्या बाया रडायच्या थांबल्या. मग तिनं तो स्वतःच्या हातानं टेकवला.

टिंग वाजलं. पडद्यावर कल्याणचं नाव आलं.

"ओळखलं," साहेब म्हणाला. "ओळखलं त्याला."

राजनंदिनीनं झटकन मान वर केली. लॅपटॉपकडं नाही, नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं.

मिटला तर परत अंगठा मागेल म्हणून साहेब लॅपटॉप उघडाच दोन्ही हातांवर धरून, सांडेल काही अशा चालीनं गाडीकडं गेला. चपला घालायलाही वाकला नाही, ड्रायव्हरनं त्या उचलून नेल्या.

ऊन चढत होतं. अप्पाराव म्हणाला, "वहिनी, दोरा बांधा. उशीर होऊन राह्यला."

केशरबाई दोरा हातात घेऊन तशीच बसली. अंगठा अजून गरम होता. तो गार व्हायची ती वाट बघत होती.